वाऱ्याकडे तोंड केलेली कोपी

बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग दिसायला लागले की माझे कान गार पडतात. यात कवीपणा काही नाही, खरंच गार पडतात. गुलबर्ग्यात (पाटीवर कलबुरगी लिहिलं म्हणून जिभेची सवय काही लगेच जात नाही) डिसेंबरातसुद्धा दुपारचा पंखा लावावा लागतो. पण भाजीवालीनं तूर, वाल, वाटाणा मांडला, शेजारी हरभऱ्याच्या जुड्या टाकल्या, की मी पदर कानावरून घेते. ती हसते. "अक्का, येळवस आली म्हणायची," म्हणते. तिलाही आता ठाऊक झालंय.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर, उदगीर, बीदर, आळंद या पट्ट्याबाहेर गेलं की हा सण समजावून सांगावा लागतो, आणि समजावताना माझी चिडचिड होते. दिवाळी कुणी समजावून सांगतं का? तर या दिवशी आमच्या गावात माणूस म्हणून दिसत नाही. कुलूप लावायचं राहिलं तरी चालतं, कारण चोरही आपल्या शेतात जेवायला बसलेला असतो. ज्वारी डोक्याला लागायला आलेली, हरभऱ्यात घाटे भरायला लागलेले, करडईचे काटे पायाला टोचायला लागलेले. शेताच्या मध्यावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी करायची. आत पाच दगड धुऊन, चुना लावून ओळीनं मांडायचे. ते पांडव. त्यांच्यापुढं नैवेद्य दाखवला की घरातल्या थोरल्यानं आंबिलाचं मडकं घेऊन पिकाभोवती फिरायचं आणि डहाळ्यानं आंबील शिंपडत जायचं. याला चर शिंपणं म्हणतात. तो पुढं ओरडतो, मागच्यांनी जबाब द्यायचा. ओरडायचे शब्द कानडी की मराठी की दोन्हींचं मिळून झालेलं पोर, हे आजवर कुणालाही उलगडलेलं नाही. त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

आमचं शेत निंबर्ग्याच्या शिवारात. लहानपणी पहाटे जाग यायची ती वासानं. आदल्या दिवशी लावलेली आंबील मडक्यात आंबलेली असायची आणि तिचा आंबूस, गारसर वास अंथरुणापर्यंत यायचा. चुलीवर भज्जी रटरटत असायची. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हेही बाहेरच्यांना सांगावं लागतंच. शिवारात जे जे हिरवं म्हणून आहे त्याचे दाणे, पाला, शेंगा ताकात आणि बेसनात एकत्र शिजवायच्या. तिच्यात काय घातलंय हे विचारण्यापेक्षा काय घातलं नाही ते विचारावं. आई बाजरीचे उंडे वळायची, लाडवासारखे, आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या पिठाचा एक एवढुसा उंडा करायची, सुपारीहून जरा मोठा. त्या उंड्यावरून माझी आणि अण्णाची, म्हणजे थोरल्या भावाची, दरवर्षी मारामारी ठरलेली. आई तो कुणालाच द्यायची नाही.

"पाखराचा हाय त्यो," म्हणायची.

शेतावर गेल्यावर, आपण जेवायच्या आधी, ती तो उंडा पानावर ठेवून कोपीच्या बाहेर मांडायची. पाखरं यायचीही. माझी तक्रार एवढीच की एवढ्या मोठ्या शिवारात दाणेच दाणे असताना पाखरांना आमच्या उंड्याची काय गरज.

दुसरी तक्रार जास्त मोठी होती. आमच्या कोपीचं तोंड उत्तरेला असायचं. शिवारातल्या झाडून सगळ्या कोप्यांची तोंडं पूर्वेला. सकाळचं कोवळं ऊन त्यांच्या आत जाऊन बसायचं आणि माणसं त्याच्याशेजारी. आमच्या कोपीत बसायचा वारा. समोर दिसायचं काय, तर बांधाच्या कोपऱ्यावरची एक बाभळ आणि तिच्या खालचा नांगर न लागलेला, गवत माजलेला तुकडा. कान बधिर व्हायचे, पानावरची भज्जी निवून घट्ट व्हायची. शेजारच्या शेतातले मल्लण्णा हाक मारायचे, "बर्री, ऊटा माड्री!" मी ताट उचलून त्यांच्याकडे जेवायला पळायची ती त्यांच्या शेंगापोळीसाठी, असं सगळ्यांना वाटायचं. मी पळायची ती उन्हासाठी.

एकदा मी अप्पांना, वडिलांना, विचारलंच. कोपी तेच बांधायचे, दुसऱ्या कुणाला पेंढीला हात लावू द्यायचे नाहीत.

"अप्पा, सगळ्यांच्या कोपीत ऊन हाय. आपल्याच कोपीत वारा कामून?"

अप्पा बोलण्याचे फार कंजूष. निजामाच्या काळातल्या शाळेत उर्दू शिकलेले, घरात मराठी, बाजारात कानडी. पण तिन्ही भाषा मिळून दिवसाकाठी त्यांची चार वाक्यं व्हायची नाहीत. पेंढीला सुंभ आवळता आवळता ते म्हणाले, "आपल्यात अशीच असती."

झालं. "आपल्यात अशीच असती" म्हटल्यावर आमच्याकडे विषय संपतो. तो कुळाचार होतो. मी तो इतका मनावर घेतला की लग्न होऊन अफजलपूरकडं गेले आणि पहिल्या येळवशीला सासरच्या कोपीत बसल्यावर डोळ्यांवर ऊन आलं, तेव्हा मला मनातून वाटलं, काय ही माणसं, यांना रीतभात कशी ती नाही. उसाचा पट्टा, पाण्याची शेती, म्हणून देवाधर्माकडं दुर्लक्ष झालं असणार. सासूबाईंना मी तसं अदबीनं सुचवूनही पाहिलं. त्यांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मला अजून आठवतं.

अप्पा गेले, त्यानंतर कोपी अण्णा बांधू लागला. तोंड उत्तरेलाच. त्यालाही कारण माहीत नव्हतं, पण हात शिकलेले होते.

हे सगळं रेवतीमुळं निघालं. रेवती अण्णाची मुलगी, पुण्यात सिनेमा शिकते. म्हणजे नेमकं काय शिकते, असं कुणी विचारलं की अण्णा पावसापाण्याचा विषय काढतो. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिचा मला फोन आला. तिला कोर्ससाठी एक छोटा सिनेमा करायचा होता. कौटुंबिक. त्यात बालपणीची आठवण हवी, शेत हवं आणि जमिनीत पुरल्यासारखं घरानं दडवलेलं एक गुपित हवं.

"आत्या, आपल्या घरात असेल ना एखादं गुपित?"

मी मनापासून हसले. म्हटलं, बाई गं, आमच्या घरात कसलं गुपित टिकणार? तीन भाषा बोलणारी माणसं आम्ही. एकीत लपवलं तर दुसरीत बाहेर पडायचं. रेवती जरा खट्टू झाली. "मग मी बनवते एखादं," म्हणाली. तिनं बनवलंही. शहरातून आलेली मुलगी, येळवशीचा दिवस, शेतात सापडलेलं लहान मुलाचं वाळं वगैरे वगैरे. मला ऐकून वाटलं, वाळं कशाला सापडेल, आमच्या शेतात सापडलाच तर नांगराचा तुटका फाळ सापडेल. पण मी बोलले नाही. लेकराच्या हौसेवर पाणी ओतू नये.

येळवशीला ती दोन मैत्रिणी आणि एक कॅमेरा घेऊन आली. आदल्या दिवशीच शेतात जाऊन तिनं डोळ्यांपुढं दोन्ही हातांची चौकट धरून सगळं शिवार पाहिलं आणि कोपीचं तोंड पश्चिमेला हवं असं ठरवलं. उत्तरेला आत अंधार असतो म्हणे. पश्चिमेला केलं तर मावळतीचं ऊन थेट आजीच्या चेहऱ्यावर येईल. अण्णा लेकीसाठी अख्खं शेत फिरवून देईल अशातला बाप. त्यानं कोपी फिरवून बांधली. मी गेले तेव्हा कोपी तयार होती, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, या वयात का होईना कान वाचले.

आई मागून टेम्पोतून आली, मांडीवर आंबिलाचं मडकं धरून. तिला आता धड दिसत नाही. डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तरी माणसं तिला आवाजावरून कळतात. शेतात मात्र ती कुणाचा हात धरत नाही. सरीतून तिची तीच चालत आली, सवयीनं कोपीच्या उत्तरेच्या अंगाला गेली आणि वाकून आत शिरायला हात पुढं केला. हाताला कडबा लागला. तिनं जरा बाजूला चाचपलं. तिथंही कडबाच.

"त्वांड कुठं गेलं?" ती म्हणाली.

"आजी, इकडून ये," रेवती पळत आली. "या वर्षी इकडून केलंय. उजेडासाठी."

आई आत आली नाही. कोपीच्या पाठीला टेकून, आहे तिथंच, वाऱ्यात बसली. आम्ही आळीपाळीनं सांगून पाहिलं. "हितंच बरं हाय मला," एवढंच तिचं. पिशवीतून तिनं तो सुपारीएवढा उंडा काढला आणि पानावर ठेवून समोर मांडला. ऐंशी उलटलेली बाई, थंडीनं ओठ काळेनिळे पडलेले. अण्णाचा पारा चढला. आईची काळजी वाटली की तो चिडतो, हा त्याचा जुना स्वभाव.

"काय हट्ट करायलीस, आई? हितं बसून काय बघायचंय? समोर ती बाभळ तेवढी. ती बी उन्हाळ्यात जेसीबी लावून काढायलोय मी. उगं पडून हाय तेवढा तुकडा."

"काढू नको," आई म्हणाली.

"कामून?"

आईनं उंड्याचं पान जरा पुढं सरकवलं.

"सांग की, कामून? अप्पा बी असंच करायचे. नांगर तिथपतूर आला की बैल वळवून घ्यायचे. काय सोनं पुरलंय का तिथं?"

"तिथं इंदू हाय," आई म्हणाली.

मला वाटलं, झालं, आईला भ्रम होतोय. अण्णालाही तेच वाटलं असावं. तो एकदम हळू आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं म्हणाला, "कोण इंदू, आई?"

"तुझी अक्का."

अण्णा साठीचा आहे. आम्ही भावंडं, गावातली माणसं, सोसायटीतले लोक, सगळे त्याला अण्णाच म्हणतात, कारण तो घरातला थोरला. थोरला म्हणून तो शाळा सोडून शेतात उतरला, थोरला म्हणून अप्पांना खांदा दिला, थोरला म्हणून दर येळवशीला मडकं त्याच्या हातात. त्याला एक अक्का होती. तो आईसमोर सरीत बसला.

आई सांगत होती ते आम्हाला सांगत होती असं वाटलं नाही. समोर तोंड करून, साध्या आवाजात बोलत होती.

"रांगायली होती. असंच थंडीचं दिस. ताप चढला आन गेली. एवढ्या लेकराला जाळत न्हाईत. तुमच्या अप्पांनीच शेतात आणलं. बायकांनी जायचं नसतंय, मला येऊ दिलं न्हाई. कुठं ठिवली ते बी कुणी सांगितलं न्हाई मला. थोड्या दिसांनी येळवस आली. मी म्हणले, मी येत न्हाई शेताला. तुमचे अप्पा म्हणले, चल. आले. बघतेय तर समद्यांच्या कोप्या उगवतीला आन आपल्या कोपीचं त्वांड बाभळीकडं. ते काय बोलले न्हाईत. मी बी इचारलं न्हाई. मला कळलं."

वाऱ्यानं ज्वारीची पानं वाजत होती. रेवती तिथंच उभी होती, मैत्रिणींच्या पुढं, हात लोंबकळत सोडून.

"आन नाव?" मी विचारलं. "आमाला कधी नाव बी सांगितलं न्हाईस."

"सासूबाई म्हणल्या, नाव घेऊ नको, पुढल्या लेकराला बाधतंय. मग ह्यो झाला." तिनं अण्णाच्या दिशेनं हात केला. "ह्याला बाधू ने म्हणून घेतलं न्हाई. मग तू झालीस. मग घ्यायचं राहूनच गेलं."

गावातल्या जुन्या माणसांना माहीत असणारच. मल्लण्णांना तर नक्कीच. तीन भाषा येणारं गाव तिन्ही भाषांत गप्प राहिलं, आणि मी फोनवर पोरीला हसून सांगत होते की आमच्यात काही टिकत नाही.

मला पहिल्यांदा अप्पांचा राग आला. बायकोला एक शब्द बोलता येऊ नये माणसाला? मग त्यांचे सुंभ आवळणारे हात आठवले. दरवर्षी आपल्या मुलांचे कान गारठवून, शिवाराच्या रीतीविरुद्ध, कुणी विचारलं तर "आपल्यात अशीच असती" म्हणून, या माणसानं बायकोसाठी ती एक दिशा राखून ठेवली होती. वर्षातला एक दिवस तिला लेकीसमोर बसून जेवता यावं म्हणून. माझा राग कुठल्या कुठं गेला. अप्पा जिवंत असताना मला त्यांची इतकी माया कधी वाटली नव्हती, आणि ती आता सांगायला ते नाहीत याचं मला शेतातच रडू आलं.

माझ्या सगळ्या येळवशी त्या दुपारी जागच्या हलल्या. मी ज्या वाऱ्याला शिव्या घालत होते तो बाभळीकडून येत होता. पाखराचा उंडा पाखराचा नव्हता. आई कोपीच्या तोंडाशी बसायची ती आम्हाला वाढायला सोयीचं पडावं म्हणून, असं मी शाळेत शिकवताना मुलींना निबंधात लिहून दाखवलं होतं. आठवणी खोट्या नव्हत्या. त्यात एक माणूस पहिल्यापासून बसलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं, एवढंच.

अण्णा उठला. कुणाला काही न सांगता त्यानं कोपीचे सुंभ सोडले. रेवतीच्या मैत्रिणी धावल्या, त्यानं हातानंच नको म्हटलं. पांडव उचलून बाजूला ठेवले, पेंढ्या एकेक करून उतरवल्या आणि कोपी पुन्हा उभी केली. तोंड उत्तरेला. मग आईच्या काखेत हात घालून तिला आत बसवलं.

"दिसायलंय का, आई?" त्यानं विचारलं.

"दिसत कुठं न्हाई आता मला," आई म्हणाली. "त्वांड तिकडं असलं म्हंजे झालं."

चर शिंपायला तो निघाला तेव्हा आम्ही मागं होतो. इतर वर्षी उगवतीच्या बांधावरून सुरुवात व्हायची. या वेळी तो सरळ बाभळीकडं गेला. आंबिलात डहाळा बुडवून त्यानं त्या गवतावर शिंपडलं आणि ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटला तो अर्धाच. मागून जबाब द्यायचा आम्ही. जबाब आला तो कोपीतून. आईचा, बारीक, पण ठणठणीत.

मावळतीला रेवती आजीजवळ जाऊन बसली. कॅमेरा बंदच होता. आजी वाऱ्यात बसली तेव्हाच तिनं तो बंद केला होता, असं तिच्या मैत्रिणीनं मला नंतर सांगितलं. शोधत होती ते गुपित तिच्या पुढ्यात चालत आलं होतं. तिनं आजीला नीट विचारलं, हे सिनेमात घेऊ का.

आईनं उलट विचारलं, "इंदूच्या जागी कुणाला घेशील?"

"एखादं लहान बाळ, आजी. थोडाच वेळ."

"नगं," आई म्हणाली. "दुसऱ्याचं लेकरू तिच्या नावानं निजवू नको. बाधतंय. कोपीचं घे किती बी. सुमी मास्तरीण हाय, तिला लिवायचं तर लिवू दे. लिवलेल्यात कुणाचं लेकरू निजवावं लागत न्हाई."

सुमी म्हणजे मी. तेवढ्या परवानगीवर हे लिहिते आहे.

सिनेमा झाला. पुण्यात एका छोट्या सभागृहात दाखवला तेव्हा मीही गेले होते. बनवलेलं गुपित रेवतीनं काढून टाकलं होतं, वाळंही नव्हतं. एक घर येळवशीला शेतात जातं, जेवतं, परत येतं. एक म्हातारी कोपीच्या अंधारात बसून बाहेर बघते, आणि ती काय बघते हे शेवटपर्यंत दाखवलेलं नाही. नंतर प्रश्नोत्तरं होती. चष्मा लावलेले एक गृहस्थ उठले. चित्रण सुरेख आहे म्हणाले, पण कोपीतल्या प्रसंगात चेहऱ्यावर उजेड कमी पडतो. कोपीचं तोंड पश्चिमेला ठेवलं असतं तर बरं झालं नसतं का?

रेवती पुण्यात पुण्यासारखं बोलते. माइक तिनं हातात घेतला. मग म्हणाली, "आपल्यात अशीच असती."

लोक हसले. गृहस्थही हसले आणि खाली बसले.

त्यालाही आता काही महिने झाले. बाभळ आहे. अण्णानं जेसीबीचं नाव काढलेलं नाही. आई मात्र बदलली. इतकी वर्षं न घेतलेलं नाव ती आता येता-जाता घेते, दूधवाल्याजवळसुद्धा. इंदूला गूळ आवडायचा. इंदूचे केस कुरळे होते. अण्णा शेतातून आला की जवळ बसून ऐकतो, आणि मध्येच एखादा प्रश्न विचारतो, अक्का दिसायला कुणासारखी होती म्हणून.

काल आईचा फोन आला. येळवस परवावर आलीय, आणि या वर्षी उंडे मी करून न्यायचे आहेत, तिचे हात आता चालत नाहीत. बाजरीचं पीठ कुठलं घ्यायचं, मीठ किती, सगळं सांगून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "आन त्यो तिचा उंडा जरा मोठा वळ. आता ती का लहान हाय? साठीच्या वर गेली असंल. एवढुशानं काय व्हतंय तिचं?"

मी बरं म्हटलं. कानावरून पदर घेतला आणि बाजारात जाऊन पीठ थोडं जास्तच घेऊन आले.